पलटणवाल्यांचे दुकान

सासवडच्या बाजारपेठेत माझ्या आजोबांना कोणी नावाने ओळखत नसे. ते ‘पलटणवाले’ होते आणि त्यांचे किराणा-भुसाराचे दुकान हे ‘पलटणवाल्यांचे दुकान’ होते. गल्ल्यामागच्या भिंतीवर गणवेशातला एक फोटो, त्याखाली लाकडी चौकटीत तीन पदके आणि त्या पदकांखाली बसून गुळाची ढेप फोडणारे आजोबा, हे सासवडच्या दोन पिढ्यांनी पाहिले आहे. त्यावरून गावाने आणि आमच्या घरानेही एक कथा जुळवली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात लढले, तिकडून आणलेल्या पैशातून त्यांनी दुकान घातले आणि पलटणीच्या शिस्तीने ते वाढवले, अशी ती कथा आहे. तिचा पहिला भाग खरा आहे, शेवटचा बराचसा खरा आहे. पण मधला भाग, म्हणजे ज्यावर दुकान उभे आहे तो, खरा नाही असे माझे मत आहे. हिशेब तपासणे हाच माझा पुण्यातला व्यवसाय असल्यामुळे हे मत मी नुसत्या संशयावर मांडत नाही.

आजोबा १९४० साली भरती झाले. कऱ्हेच्या खोऱ्यातली कोरडवाहू जमीन, त्यावर सावकाराचे कर्ज आणि पाऊस लहरी, अशा घरातला तो थोरला मुलगा होता. पुण्यात भरती होऊन ते बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात गेले. तिथे शिपायाला मिळणारा पगार महिना वीस रुपयांच्या आतच होता, पण जेवण, कपडे आणि बूट सरकारचे होते. देशासाठी किंवा शौर्यासाठी गेलो, असे त्यांनी कधी म्हटल्याचे मला आठवत नाही. ‘घरात आठ तोंडं आणि बाजरी चार महिन्यांची,’ एवढेच कारण ते सांगत, आणि तेही विचारले तरच. त्या युद्धात हिंदुस्थानी सैन्याची संख्या पंचवीस लाखांवर गेली आणि सक्तीच्या भरतीशिवाय उभी राहिलेली ती सर्वांत मोठी फौज होती, असे अभिमानाने लिहिले जाते. त्या पंचवीस लाखांमध्ये बाजरी चार महिन्यांची असलेली घरे किती होती, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली दिसत नाही.

घरात यावरून धुसफूस होतीच. आजोबांचे धाकटे भाऊ पुण्यात शिकायला होते आणि १९४२ च्या ऑगस्टनंतर ते पत्रके वाटत हिंडत होते. १९४३ च्या जानेवारीत पुण्याच्या कॅम्पातल्या कॅपिटॉल थिएटरात गोऱ्या सोल्जरांना लक्ष्य करून बॉम्बस्फोट झाला, तेव्हा झालेल्या धरपकडीच्या भीतीने ते काही दिवस सासवडला लपून बसले होते. ज्या घरात ते लपले त्या घरातला थोरला त्याच सरकारच्या गणवेशात परदेशी होता, आणि त्याच्या पगारातूनच घरची चूल पेटत होती. पुढे दोघे भाऊ एकमेकांशी नीट वागले, पण स्वातंत्र्यदिनाला झेंडावंदनासाठी दोघे कधी एकत्र गेले नाहीत.

युद्धावरून परतलेली माणसे बोलत नाहीत, असा एक समज आहे. आमचे आजोबा बोलत असत, कंटाळा येईपर्यंत बोलत असत. फक्त त्यांच्या युद्धात बंदुका कमी आणि पीठ जास्त असे. ते पहिल्या मराठा पलटणीत, म्हणजे ‘जंगी पलटणी’त होते आणि त्यांची बहुतेक सेवा कंपनीच्या क्वार्टरमास्टर हवालदाराच्या हाताखाली, शिधा मोजण्यात आणि पुढच्या फळीपर्यंत पोचवण्यात गेली. आठव्या हिंदुस्थानी डिव्हिजनबरोबर ती पलटण इटलीत उतरली. १९४३ च्या नोव्हेंबरात सांग्रो नदीला पूर आला आणि सैन्याने बांधलेले पूल वाहून गेले, ही लढाईच्या इतिहासातली नोंद आहे. आजोबांच्या इतिहासात त्याच पुराचा अर्थ असा होता, की पलीकडच्या काठावर पोचलेल्या माणसांना दोन वेळचे पीठ, डाळ आणि चहा कसा पोचवायचा. मोटारी चिखलात रुतल्या की खेचरे, खेचरे अडली की माणसांच्या पाठी, असा त्यांचा क्रम होता. माणशी किती औंस आटा, किती डाळ, किती तूप, किती साखर हे ते म्हातारपणीही पाढ्यासारखे म्हणून दाखवत, आणि आम्ही नातवंडे उन्हाळ्याच्या सुटीत ते ऐकत दुकानाच्या फळीवर पेंगत असू.

त्यांच्या तोंडून इटलीतल्या सौंदर्याबद्दल आलेला एकच उल्लेख मला आठवतो. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या अलीकडे एका जुन्या गढीत पलटणीतली माणसे शिरली, तेव्हा आत मोठमोठ्या तसबिरी भिंतींना टेकवून ठेवलेल्या होत्या आणि साहेबाने त्यांच्यावर पहारा बसवला. ‘एका तसबिरीत झाडांखाली बाया नाचत होत्या, झिरझिरीत लुगडी नेसून,’ असे ते सांगत आणि आजीकडे पाहून थांबत. ती गढी मोंतेगुफोनीची होती. फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातली चित्रे युद्धापासून वाचवण्यासाठी तिथे हलवलेली होती आणि त्यात बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमाव्हेरा’ होते. मराठी शिपायांनी त्या चित्रांवर पहारा दिला, ही हकिगत मी पुढे वाचली, तेव्हा कऱ्हाकाठच्या एका माणसाने युरोपातले एक अतिप्रसिद्ध चित्र फुटांच्या अंतरावरून पाहिले होते आणि आमच्या घरात ते केवळ झिरझिरीत लुगड्यांसाठी उरले होते, याची मला गंमत वाटली. आजोबांची खरी तक्रार अशी होती, की गढीतली कोठीची खोली या तसबिरींनी अडवल्यामुळे पिठाची पोती ओसरीत ठेवावी लागली.

सेनिओ नदीबद्दल मात्र ते फार थोडे बोलत. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी पलटणीने ती नदी ओलांडली. नदी लहान, पण दोन्ही काठांना उंच बांध आणि त्या बांधांत जर्मनांनी खणलेल्या मशीनगनच्या जागा. त्याच हल्ल्यात नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून अलीकडे आणले, मग एकट्याने शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या, आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मागच्यांना बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबा त्यांना ‘आपला नामदेव’ म्हणत आणि ते १९८४ साली पुण्यात वारल्याची बातमी आली, तेव्हा त्या दिवशी दुकान अर्धे उघडे ठेवले गेले होते. पूर्ण बंद ठेवणे आजोबांना पटले नाही, कारण दुसऱ्या दिवशी बाजार होता.

त्या रात्रीबद्दल त्यांनी मला जे सांगितले ते एवढेच: ‘मागणी आदल्या दिवशीच्या हजेरीवर गेलेली. सकाळी रेशन आलं, ते उरलं.’

मी तेव्हा शाळेत होते आणि उरलेल्या रेशनमध्ये दुःखाचे काय आहे, ते मला कळले नव्हते. मी त्यांना विचारले, की मग तुम्ही ते काय केले. ‘वाटलं,’ ते म्हणाले. ‘राहिलेल्यांत.’ इटलीत पडलेल्या हिंदू आणि शीख शिपायांचे दहन होत असे. सांग्रोकाठच्या युद्धस्मशानात आणि फोर्लीला त्यांची नावे कोरलेली स्मारके आहेत. २०२३ च्या जुलैत मोंतोने या गावी नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे आली होती. घाडगे तिसऱ्या मराठा पलटणीतले. १० जुलै १९४४ रोजी ते तिथल्या टेकड्यांत पडले. आजोबा ते पाहायला नव्हते, आणि असते तरी त्यांनी मुख्यतः समारंभाला आलेल्यांच्या जेवणाची व्यवस्था विचारली असती, अशी माझी खात्री आहे.

आता मधल्या भागाकडे येते.

आजोबा १९४६ साली नाईक होऊन परतले. युद्धकाळात भरती झालेल्या आणि युद्ध संपताच मोकळ्या केलेल्या शिपायांची सेवा पेन्शनला पुरेल इतकी होत नसे, त्यामुळे पेन्शन नव्हते. घरी जे पैसे आले ते दरमहाच्या मनिऑर्डरींचे होते आणि त्या आजोबांच्या वडिलांच्या नावाने येत. ‘त्याच पैशातून दुकान झालं’ असे काका ठामपणे सांगत. काकांच्या माळ्यावर वह्यांचा एक गठ्ठा होता. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची आणि जुनी गठ्ठ्यात टाकायची, असा रिवाज असल्याने त्यात साठ-सत्तर वर्षांच्या रोजकिर्दी आणि खतावण्या होत्या, आणि तळाच्या काही वह्या मोडी लिपीत होत्या. मोडी कोणालाच वाचता येत नसल्यामुळे त्या वह्यांना घरात देवाच्या पोथीचा मान होता, म्हणजे त्या कोणी उघडत नसे.

पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, त्यातल्या एका वर्गात मी नाव घातले. किर्दीतली मोडी वाचायला फारशी विद्वत्ता लागत नाही, कारण माल आणि आकडे तेच ते असतात. अक्षर एकदा लागले की मीठ, मिरची, तेल, गूळ, रॉकेल हे शब्द पानापानावर भेटू लागतात. सर्वांत जुन्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ आहे आणि त्याखाली कार्तिक शुद्ध प्रतिपदा, शके १८६५ ही मिती आहे. म्हणजे १९४३ सालचा दिवाळीचा पाडवा. आजोबा तेव्हा इटलीत सांग्रोच्या वाटेवर होते. वही लिहिणारा हात आजोबांच्या धाकट्या भावाचा आहे, पण जमेच्या बाजूला पहिलीच रक्कम आहे ती आजीच्या नावावर: ‘माहेरून आणले, अंडी व भाजीचे.’

या अंड्यांचा उलगडा आत्याने केला. आजीचे माहेर पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याचे. इंग्रजी अमलात पुरंदरावर गोऱ्या सोल्जरांसाठी आरोग्यस्थान होते, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात सापडलेल्या जर्मन आणि इतर शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांना, कित्येकांना बायकामुलांसकट, तिथे नजरकैदेत ठेवले होते. त्यांत हिटलरच्या जाचातून पळून आलेले ज्यूही होते, कारण सरकारच्या दप्तरी जर्मनीतून आलेला तो जर्मन, एवढाच हिशेब होता. एवढी माणसे गडावर म्हटल्यावर दूध, भाजी, अंडी, कोंबड्या खालून वर जाऊ लागल्या. आजीचे भाऊ ठेकेदाराकडे माल पोचवत. आजी सासवडहून माहेरी जाई तेव्हा आसपासच्या वाड्यांतून अंडी गोळा करून भावांकडे देई आणि तिचा वाटा घेई. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे हा उद्योग सासऱ्यांना ठाऊक नव्हता, निदान ठाऊक नसल्याचे ते दाखवत. आजोबा इटलीत ज्यांच्याशी लढत होते त्यांच्याच देशबांधवांच्या न्याहारीवर आजीचे भांडवल जमत होते. दुकानाच्या भिंतीवरच्या पदकांखाली हे कुठेही लिहिलेले नाही.

मनिऑर्डरींचे काय झाले, तेही त्याच वह्यांत आहे. पणजोबा मनिऑर्डर सोडवून आणत आणि बहुतेक सर्व रक्कम त्याच आठवड्यात सावकाराच्या नावे पडे. १९४५ च्या वहीत जमीन सुटल्याची नोंद आहे. म्हणजे आजोबांच्या पगाराने जमीन वाचवली, ही गोष्ट लहान नाही, आणि ती मी कमी करू इच्छित नाही. परंतु दुकानाच्या खात्यात त्या पगाराचा एक आणासुद्धा आलेला नाही. आजोबा परत येईपर्यंत ओसरीवरचे मीठ-मिरचीचे दुकान अडीच वर्षांचे झाले होते आणि त्यात पंधरा-वीस गिऱ्हाइकांची उधारीची खाती उघडलेली होती. युद्धामुळे चिल्लरीची टंचाई होती; १९४३ पासून मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा चालू झाला, तो आजी दोऱ्यात ओवून ठेवी आणि दोऱ्याला मारलेल्या गाठींवरून गल्ल्याचा हिशेब सांगे. तिला अक्षर येत नव्हते. दीर लिही आणि ती गाठी मोजून तपासे. एका पानावर खाडाखोड आहे आणि समासात ‘वहिनींचे म्हणणे बरोबर’ असा शेरा आहे. व्यवसायामुळे मी पुष्कळ हिशेबतपासनिसांचे शेरे वाचले आहेत. इतका प्रांजळ शेरा माझ्या पाहण्यात नाही.

आजोबा आले आणि दुकानाचे रूप पालटले, हे मात्र निर्विवाद. ओसरी मोडून त्यांनी रस्त्याच्या बाजूला फळ्यांचे दुकान काढले, पोती रांगेत लावली, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी डकवली. मराठ्याच्या पोराने वाण्याचा धंदा करावा याची भावकीला लाज वाटली होती, पण पाटीवर पलटण आल्यावर ती लाज कमी झाली. तागडी धरणारा हात रायफल धरून आलेला आहे, अशी तडजोड भावकीने मनाशी केली असावी. माल पुण्याहून भवानी पेठेतून येई. तेव्हा भुसार आणि गुळाचा घाऊक व्यापार नाना-भवानी पेठांत होता, तो पुढे गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला. आजोबा पहाटे दिवे घाट उतरून जात आणि रात्री मालाच्या गाडीवर बसून घाट चढून येत. आडत्यांच्या पेढ्यांवर त्यांना ‘सुभेदार’ म्हणत. नाईक आणि सुभेदार यांत किती पायऱ्या आहेत ते आजोबांना पक्के ठाऊक होते. तरी त्यांनी तिथे कधी दुरुस्ती केली नाही, कारण सुभेदाराला महिनाभराची उधारी मिळे आणि नाइकाला ती मिळाली असती की नाही, याची खात्री नव्हती. स्वतःच्या दुकानात मात्र त्यांनी ‘उधारी बंद आहे’ असा फलक लावला.

मापांच्या बाबतीत ते बिनचूक होते. लष्करात पौंड आणि औंस, घरी शेर आणि छटाक, धान्याला पायली, अधोली, चिपटे, निळवे, आणि पुढे किलो. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि १९५८ पासून दशमान वजने आली, तेव्हा बाजारपेठेत महिनोन्‌महिने गोंधळ चालला. ऐंशी तोळ्यांचा शेर किलोहून थोडा हलका, त्यामुळे शेराच्या भावात किलो मागणारे गिऱ्हाईक आणि किलोच्या भावात शेर देणारा दुकानदार, अशी दोन्हीकडून लबाडी होई. आजोबांनी एका पुठ्ठ्यावर जुन्या-नव्या वजनांचा आणि भावांचा तक्ता काढून बाहेर टांगला. शेजारचे दुकानदार त्यावर नाराज झाले, पण गिऱ्हाईक तिथे गर्दी करून वाचू लागले आणि वाचून झाल्यावर आत येऊ लागले. हा तक्ता काकांनी जपून ठेवला आहे. आमच्या घराण्यात मागे उरलेल्या वस्तूंमध्ये, पदकांसकट, मला तो सर्वांत मोलाचा वाटतो.

‘उधारी बंद आहे’ या फलकामागे काय चालत होते, ते १९५० नंतरच्या लहान वह्यांत सापडते. दुकानाच्या मागच्या दाराने आजी उधारी देत होती. त्या वह्या आता देवनागरीत आहेत आणि अक्षर शाळेत जाणाऱ्या आत्याचे आहे. बाळंतीण, आजारी म्हातारी, नवरा मुंबईला गिरणीत आणि पैसे यायला उशीर, अशी ती खाती आहेत. बहुतेक बायकांची, आणि बहुतेक फिटलेली. आजोबांना हे माहीत नव्हते असे मानणे कठीण आहे, कारण ज्या माणसाला पोत्यातला पावशेर कमी झालेला कळे त्याला मागच्या दाराने गेलेले तेल कळले नसेल, हे संभवत नाही. मला वाटते, समोरचा फलक आणि मागचे दार मिळून त्यांचे दुकान चालत होते. फलकामुळे बुडवणारे आत येत नसत आणि दारामुळे गरजू परत जात नसत. या व्यवस्थेबद्दल त्या दोघांमध्ये कधी एक शब्द बोलला गेला असेल, असे आत्याला वाटत नाही.

ही व्यवस्था १९७२ च्या दुष्काळात उघड्यावर आली. कऱ्हा कोरडी पडली, विहिरी आटल्या, माणसे खडी फोडायला आणि बांधबंदिस्तीच्या कामावर गेली; रेशनवर मिळणारा तांबडा मिलो आणि मुलांना वाटली जाणारी सुकडी या त्या वर्षांच्या आठवणी आमच्या भागात अजून निघतात. कामाची मजुरी हातात पडायला वेळ लागे आणि तोवर दुकानाशिवाय आधार नसे. आजोबांनी फलक काढला. पण त्यांनी उधारी दिली ती लष्करी पद्धतीने. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरात किती तोंडे, त्यांत लहान किती, कामावर जाणारी किती, याची त्यांनी यादी केली आणि माणशी किती धान्य, किती डाळ, किती तेल, किती मीठ हे ठरवून दर आठवड्याला तेवढेच दिले. चहा आणि साखर उधारीवर नाही. तंबाखू नाही. मोठ्या बागायतदारालाही, ज्याच्या विहिरीला पाणी असते तर त्याने दहा घरे पोसली असती, तोच तराजू.

यातून फार माणसे तगली हे खरे, आणि फार माणसे दुखावली हेही खरे. ‘पलटणवाल्यानं माझ्या पोरांची तोंडं मोजली,’ असे म्हणून एक जुने घर आमच्याकडून कायमचे तुटले. त्यांनी पै न्‌ पै फेडली आणि पुन्हा पायरी चढली नाही. आजोबांना यात आपले काही चुकले असे शेवटपर्यंत वाटले नाही. आजीला वाटले. तिचे म्हणणे असे, की देणे बरोबर होते, पण चारचौघांत मोजणे बरोबर नव्हते, आणि तेच धान्य मागच्या दाराने गेले असते तर ते घर तुटले नसते. मी दोघांच्याही बाजूने विचार करून पाहिला आहे. मला आजीचे पटते, पण ज्याने उरलेले रेशन राहिलेल्यांत वाटले आहे तो माणूस तोंडे मोजल्याशिवाय वाटप करू शकला असता, असेही मला वाटत नाही.

मुलांच्या बाबतीत पलटण अशीच आडवी आली. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले तेव्हा काका अठरा वर्षांचे होते आणि भरतीला निघाले होते. पदकांखाली वाढलेल्या मुलाला दुसरे काय सुचणार? आजोबांनी त्यांचा शाळेचा दाखला ट्रंकेत घालून कुलूप लावले. ‘पलटणीत खायला मिळतं म्हणून मी गेलो. तुला घरी मिळतंय,’ असे ते म्हणाले, आणि त्या विषयावर पुढे बोलले नाहीत. काका दुकानात बसले. त्यांनी दुकान नीट चालवले, पण त्यांच्या बोलण्यात एक कडवटपणा राहिला आणि पुढे आयुष्यभर तेच पलटणीच्या कथेचे सर्वांत मोठे राखणदार झाले, यात मला काही विसंगती दिसत नाही. माझे वडील दहावीनंतर पुण्याला शिकायला आले आणि पिंपरीच्या एका कारखान्यात लागले. आत्या लग्न होऊन हडपसरला गेली. तिघांपैकी वह्या लिहिता येणारी आत्याच होती. दुकान तिला मिळावे असे कोणाच्या मनातही आले नाही. तिच्याही नाही, असे ती म्हणते, पण हे म्हणताना ती आवाज चढवते.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवडला दोन रात्री मुक्कामाला असते, तेव्हा आमच्याकडे एका दिंडीचे जेवण असे. पिठले, भाकरी आणि ठेचा. आजोबा मंडपाच्या दारात उभे राहून माणसे मोजत आणि आजी आत उभी राहून त्यांच्या आकड्यापेक्षा जास्त भाकऱ्या थापून घेई. दरवर्षी भाकऱ्या उरत, दरवर्षी आजोबा चिडत. आजी काही न बोलता त्या फडक्यात बांधून वारकऱ्यांच्या पडशीत घाली.

आजोबा गेले त्यानंतर काही वर्षांनी आजीला दुसऱ्या महायुद्धातील सैनिकाची विधवा म्हणून राज्य सरकारचे मानधन मिळू लागले. त्यासाठी कागदपत्रे घेऊन मी तिच्याबरोबर पुण्यातल्या सैनिक कल्याण कार्यालयात गेले होते. फॉर्मवर नवऱ्याचा हुद्दा, पलटण, भरतीची तारीख, सेवामुक्तीची तारीख असे रकाने होते आणि शेवटी अर्जदाराचा अंगठा. सगळे झाल्यावर ती मला म्हणाली, ‘सरकारची मनिऑर्डर माझ्या नावावर पहिल्यांदाच येतीया. तवा मामंजींच्या नावानं यायची.’ पहिले मानधन आले तेव्हा तिने त्यातून दुकानाच्या फळ्यांना रंग लावून घेतला.

आता दुकान चुलतभावाकडे आहे. सासवड वाढते आहे. विमानतळाच्या चर्चेमुळे जमिनींचे भाव भलतेच चढले आहेत, नव्या सोसायट्यांतली माणसे मोठ्या मॉलमधून नाहीतर मोबाइलवरून किराणा मागवतात, आणि भावाने काळाप्रमाणे काचेचे कपाट, बिलाचे यंत्र, पैसे भरायला क्यूआर कोड अशी सगळी तयारी केली आहे. मागच्या वर्षी त्याने नवी पाटी करायला घेतली. ‘पलटणवाले किराणा स्टोअर्स’ आणि खाली ‘स्थापना १९४६’. त्यावर मी वहीच्या पहिल्या पानाची छायाप्रत आणि तिचे वाचन घरातल्या सगळ्यांना पाठवले, आणि आत्याने, ज्या आत्याने सासवडच्या कुठल्याही व्यवहारात आजवर तोंड घातले नव्हते, थेट हडपसरहून येऊन दोन मागण्या केल्या: वर्ष १९४३ करा आणि आईचे नाव घाला.

भावाचे म्हणणे असे, की वर्ष बदलायला त्याची हरकत नाही, उलट तीन वर्षे जुने दिसलेले बरेच. पण नाव घालून उपयोग काय, कारण गिऱ्हाईक पलटणवाल्यांकडे येते, आजीला कोण ओळखते. आत्या म्हणाली, ‘बायकांना विचार. तुझ्या दुकानाच्या मागच्या दाराला अजून काय म्हणतात, ते विचार.’ काका गप्प बसले होते. शेवटी त्यांनी विचारले, की आईचे नाव घालायचे तर अण्णांच्या, म्हणजे आजोबांच्या, वर की खाली, आणि यावर पुन्हा पहिल्यापासून वाद सुरू झाला. पाटीवाला चौरस फुटावर पैसे घेतो. एक ओळ वाढली तर पाटी वाढेल, असे भावाने सांगून पाहिले. वाढीव पैसे मी देते, असे आत्याने त्याला सांगितले आहे. पाटीवाल्याकडे मजकूर अजून गेलेला नाही.